दाभोलकर खून खटला आणि ‘तपास सीबीआयकडे द्या’ : तपास नेमका सुटतो कुठे?

ओंकारेश्वर_घाट (धागाकर्ता)

कुठेही खून झाला आणि आठवड्याभरात आरोपी हाती लागला नाही की मोर्चा निघतो. मागण्या ठरलेल्या: ठाण्याच्या पीआयला निलंबित करा आणि तपास सीबीआयकडे द्या. राग रास्तच आहे. पण या दोन मागण्या मान्य झाल्या तरी तपास पुढे सरकतो का? डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाचं उदाहरण घेऊ, कारण त्यात निकाल लागलाय आणि बहुतेक घडामोडी न्यायालयात नोंदल्या गेल्या आहेत.

क्रम आठवून बघा. २० ऑगस्ट २०१३, सकाळी सव्वासातच्या सुमारास विठ्ठल रामजी शिंदे पुलावर दोघांनी गोळ्या झाडल्या आणि मोटारसायकलवरून पसार झाले. जानेवारी २०१४ मध्ये पुणे पोलिसांनी बेकायदा शस्त्रविक्रीतल्या दोघांना अटक दाखवली. ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही, दोघे जामिनावर सुटले. मे २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. त्यानंतर पहिली अटक थेट जून २०१६ मध्ये. सप्टेंबर २०१६ च्या दोषारोपपत्रात गोळ्या झाडणारे म्हणून दोन फरार संशयितांची नावं. ऑगस्ट २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात एटीएसने छापा घातला आणि त्या धाग्यावरून सचिन अंदुरे व शरद कळसकर पकडले गेले. म्हणजे गोळ्या झाडणारे वेगळेच निघाले. आरोपनिश्चिती १५ सप्टेंबर २०२१ ला. निकाल १० मे २०२४ ला: या दोघांना जन्मठेप, उरलेले तिघे निर्दोष, आणि सूत्रधारापर्यंत पुणे पोलीस व सीबीआय दोघेही पोचले नाहीत अशी टिप्पणी.

सीबीआय मिळाली होती, उच्च न्यायालयाची देखरेख होती (एप्रिल २०२३ पर्यंत), दर २० तारखेला पुलावर ‘जवाब दो’ म्हणत उभे राहणारे कार्यकर्ते होते. तरी दहा वर्षं नऊ महिने लागले. एवढा पाठपुरावा ज्या खुनामागे नसतो, त्यांचं काय होत असेल? या विषयातल्या जाणकारांनी कृपया तपशिलात लिहावं. ‘सगळे विकले गेलेत’ छापाचे प्रतिसाद नकोत, ते चहाच्या टपरीवर फुकट मिळतात.

---

तांबडी_फीत

यंत्रणा बदलली तरी गुन्ह्याची जागा बदलत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. नऊ महिन्यांनी येणाऱ्या अधिकाऱ्याला पूल मिळतो, पण २० ऑगस्टची सकाळ मिळत नाही. त्याला मिळतात स्थळपंचनामा, मुद्देमाल, जबाब आणि केस डायरी. यातलं जे पहिल्या दिवशी नोंदलं गेलं नाही ते सीबीआय, एसआयटी, एनआयए कुणीही नंतर निर्माण करू शकत नाही.

पहिल्या चोवीस तासांत काय चुकतं? एक, जागा राखली जात नाही. दोरी बांधायच्या आधी बघे, पुढारी, कॅमेरे आत येतात. रस्त्यावरच्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी नळकांडी) बुटाने सरकतात आणि पंचनाम्यात अंतर लिहिलं जातं ते सरकलेल्या जागेचं. पंचनाम्यात पक्क्या खुणेपासून (विजेचा खांब, कठड्याचं टोक) दोन बाजूंची मापं हवीत. ‘मयताच्या जवळ’ असं लिहिलेला पंचनामा उलटतपासणीत टिकत नाही. दोन, पंच. ठाण्याला नेहमी सापडणारी तीच दोन माणसं पाच-पाच गुन्ह्यांत पंच असतात. बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. तीन, जबाब. प्रत्यक्षदर्शीचा पहिला जबाब चार ओळींत उरकतात आणि महिन्याभराने ‘पुरवणी जबाब’ घेऊन त्यात उंची, शर्टाचा रंग, टोपी भरतात. न्यायालयात त्याला सुधारणा म्हणतात आणि ती साक्षीतून वजा होते.

दाभोलकर खटल्यात सरकारी पक्षाने एकूण २० साक्षीदार तपासले. दोघांची शिक्षा उभी राहिली ती प्रामुख्याने पुलाजवळच्या महापालिका सफाई कर्मचाऱ्यासारख्या साध्या माणसांच्या साक्षीवर. तंत्रज्ञानाच्या गप्पा मारताना हे विसरू नये.

---

रोखठोक_मिरज

म्हणजे दोष हवालदाराचा? तपासी अंमलदार सकाळी खुनाच्या जागेवर, दुपारी मंत्र्याच्या दौऱ्याला, रात्री मिरवणुकीच्या बंदोबस्ताला. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ लाच सांगितलं होतं की तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामं वेगळी करा, सुरुवात मोठ्या शहरांपासून करा. दाभोलकरांचा खून झाला तेव्हा त्या आदेशाला सात वर्षं होत आली होती आणि गणेशोत्सव वीस दिवसांवर होता. पुण्यात त्या दिवसांत पोलीस काय करत असतात ते सांगायला नको.

---

तांबडी_फीत

@रोखठोक, दोष हवालदाराचा असं म्हटलेलं नाही. पण मोर्च्याची मागणी तुम्ही म्हणता ती हवी. ‘या गुन्ह्याच्या तपासी अंमलदाराला दोषारोपपत्र जाईपर्यंत बंदोबस्त लावू नका आणि त्याची बदली करू नका’ असं लेखी मागा. पीआय निलंबित झाला की फाईल नव्या माणसाकडे जाते, तो पहिल्या पानापासून वाचायला लागतो, आणि जुना माणूस साक्षीला येतो तेव्हा हात झटकतो.

---

कलिना_लोकल

बॅलिस्टिक्सबद्दल गैरसमज फार आहेत म्हणून जरा सविस्तर.

दाभोलकर आणि खाली दिलेल्या दोन खुनांत वापरलेली हत्यारं ७.६५ मिमीची देशी बनावटीची पिस्तुलं. सुटलेल्या गोळीमागे दोन गोष्टी उरतात. शरीरात किंवा आसपास गोळीचं शिसं, आणि जमिनीवर पुंगळी. पुंगळीच्या बुडावर फायरिंग पिनचा ठसा, ब्रीचफेसचे (पुंगळी मागे जिथे टेकते त्या पृष्ठभागाचे) ओरखडे, बाजूला पुंगळी ओढून बाहेर फेकणाऱ्या भागांच्या (एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर) खुणा. गोळीवर नळीतल्या आट्यांच्या (पिळदार खाचांच्या) रेषा. कंपॅरिझन मायक्रोस्कोपखाली दोन नमुने शेजारी ठेवून जुळवतात. कारखान्यात बनलेल्या पिस्तुलाचे आटे नियमित असतात. देशी कट्ट्यात नळी कधी गुळगुळीत, कधी वेडीवाकडी. एकाच नळीतून सुटलेल्या दोन गोळ्याही हुबेहूब जुळतीलच असं नाही. त्यामुळे पुंगळी हाच जास्त भरवशाचा पुरावा. आणि म्हणूनच पुंगळी कोणी, कुठून, कशात उचलली याला इतकं महत्त्व.

दाभोलकर, पानसरे (१६ फेब्रुवारी २०१५, कोल्हापूर), कलबुर्गी (३० ऑगस्ट २०१५, धारवाड) या तीन खुनांत पिस्तुलं सामायिक होती का, यावर मुंबई आणि बंगळुरूच्या प्रयोगशाळांच्या मतांत फरक पडला. मग तिसरं मत. स्कॉटलंड यार्डकडे नमुने पाठवायचं ठरलं, त्यात बराच काळ गेला, आणि शेवटी अहवाल मागितला तो अहमदाबादच्या प्रयोगशाळेकडून. या अहवालाच्या नावावर न्यायालयात तारखा किती पडल्या ते त्या वर्षांचे पेपर काढून बघा.

‘लॅबमध्ये प्रकरणं तुंबलीत’ हे खरं, पण अर्धं. पाठवलेल्या मुद्देमालाची बरीच पाकिटं त्रुटी काढून परत जातात. रक्ताने भिजलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाठवला की आत दमटपणाने बुरशी धरते, डीएनए जातो. कपडा सावलीत पूर्ण वाळवून, प्रत्येक नग वेगळ्या कागदी पाकिटात, लाखेचं सील, सीलचा नमुना सोबतच्या पत्रावर, पत्रात नेमका प्रश्न. ‘तपासणी होऊन अभिप्राय मिळावा’ एवढंच लिहिलं की उत्तरही तसंच मिळतं. हातावरचे गोळीबाराचे कण (शिसं, बेरियम, अँटिमनी) काही तासांत धुण्यापुसण्याने जातात. चार दिवसांनी पकडलेल्या आरोपीच्या हाताचे स्वॅब पाठवणं म्हणजे निव्वळ औपचारिकता. शेवटी साखळी: जागेवरून ठाण्यात, मुद्देमाल कारकुनाच्या रजिस्टरात, तिथून कॅरिअर हवालदाराकडे, तिथून लॅबमध्ये. रजिस्टरातल्या तारखा आणि लॅबच्या पोचेची तारीख यांत दोन आठवड्यांचं अंतर असेल आणि त्या काळात पाकीट कुठे होतं हे कोणी सांगू शकत नसेल, तर सीए (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट कितीही चांगला असला तरी कागदाला किंमत राहत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम १७६(३) आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जायचं आणि मोबाइल वा अन्य साधनाने चित्रीकरण करायचं. पण राज्यांना ते अमलात आणायला पाच वर्षांपर्यंत मुभा आहे. तोवर सगळा भार जिल्ह्याच्या फॉरेन्सिक व्हॅनवर.

---

डेटाखोर

कॅमेऱ्यांचंही लिहितो, कारण हल्ली ‘सीसीटीव्ही होता तरी आरोपी कसा सापडत नाही’ हा हमखास प्रश्न असतो.

दुकानाचा, सोसायटीचा डीव्हीआर साधारण १५ ते ३० दिवसांचं चित्रण ठेवतो आणि मग जुन्यावर नवं लिहितो. पोलीस पहिल्या दिवशी जागेसमोरचे दोन कॅमेरे बघतात, पण आरोपी आला कुठून आणि गेला कुठे ते तीन किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपावर दिसतं. तिथे पोचेपर्यंत पंधरवडा झालेला असतो. त्याहून वाईट म्हणजे डीव्हीआरचं घड्याळ. ते सर्रास पाच-दहा मिनिटं पुढे-मागे असतं. पंचनाम्यात ‘डीव्हीआरमधली वेळ अमुक, प्रत्यक्ष वेळ तमुक’ अशी नोंद नसेल तर पाच कॅमेऱ्यांची साखळी जुळवताना तोच माणूस एकाच वेळी दोन चौकांत दिसतो आणि बचाव पक्षाची दिवाळी.

चित्रण पेनड्राइव्हवर घेतलं तर ते मूळ यंत्रातलंच आहे असं सांगणारं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं ६५ब होतं, आता साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३(४). ते अनिवार्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात पुन्हा ठासून सांगितलं (ते आपल्या जालन्याच्या निवडणुकीचं). नव्या नमुन्यात दोन भाग आहेत. पहिला यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाईलची हॅश किंमत (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लिहावी लागते. दुकानदाराची सही त्याच दिवशी घेतली नाही तर दोन वर्षांनी दुकान विकलेलं असतं.

मोबाइलचा सीडीआर (कॉलच्या नोंदी) कंपन्यांना आता दोन वर्षं जपावा लागतो. २०१३ मध्ये मुदत एक वर्षाची होती. टॉवर डंप (त्या वेळी एका टॉवरवर असलेल्या सगळ्या फोनची यादी) मागवला की एका गजबजलेल्या चौकातून तासाभरात हजारो नंबर येतात. ते चाळायला बसलेला माणूस हाच खरा तपास. सायबर सेलमध्ये अशी किती माणसं असतात, हे कोणत्याही जिल्ह्यात विचारून बघा.

---

बेळगावकर_नाना

मग पत्रकार गौरी लंकेशांच्या खुनाचा तपास का लागला, हे कोणी विचारत नाही! खून ५ सप्टेंबर २०१७, बंगळुरू. पहिलं दोषारोपपत्र मे २०१८. त्यांनी काय वेगळं केलं? एकच एसआयटी, बी. के. सिंह आणि एम. एन. अनुचेत शेवटपर्यंत तेच अधिकारी. पहिला धागा मिळाला तो फेब्रुवारी २०१८ मध्ये, काडतुसं बाळगल्याच्या एका वेगळ्याच गुन्ह्यात पकडलेल्या माणसाकडून. काडतुसं .३२ ची, म्हणजे तेच ७.६५ मिमी. ‘हा आर्म्स ॲक्टचा किरकोळ गुन्हा’ म्हणून सोडून न देता कोणीतरी दोन फायली शेजारी ठेवल्या. मग सांकेतिक नोंदींच्या डायऱ्या, घराच्या कॅमेऱ्यातल्या मारेकऱ्याच्या चालण्याच्या ढबीचं विश्लेषण, आणि डायरीतून महाराष्ट्रातली नावं. नालासोपाऱ्याच्या छाप्यामागे कर्नाटकातून आलेल्या माहितीचा मोठा वाटा होता. म्हणजे पुण्याच्या खुनाचा दरवाजा बंगळुरूहून उघडला. पाच वर्षांनी.

इकडे पुण्यात काय चाललं होतं? प्लँचेट (मृताच्या आत्म्याला बोलावून विचारणं) केल्याचा आरोप झाला होता, पोलिसांनी तो नाकारला होता. बरं.

---

काळा_कोट

नानांशी सहमत. मुद्दा यंत्रणेच्या नावाचा नाही, तेच पथक टिकण्याचा आहे. आता ९० दिवसांबद्दल, कारण तिथे लोकांच्या दबावाचा उलटा परिणाम होतो.

९० दिवस (कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत ६०) मोजतात ते आरोपीला न्यायालयात पहिल्यांदा हजर करून कोठडी दिली त्या दिवसापासून. गुन्हा घडल्यापासून नव्हे. ‘अटक कधी?’ म्हणून रोज मथळे येतात, वरून फोन येतात, आणि पुरेसा पुरावा हातात नसताना कोणालातरी अटक दाखवली जाते. त्या क्षणी घड्याळ सुरू. ९१ व्या दिवशी दोषारोपपत्र नसेल तर जामीन हा हक्क होतो, गुन्हा कितीही भीषण असो. शस्त्रविक्रीतल्या त्या दोघांचं हेच झालं. आणि चुकीच्या अटकेची खूण फाईलमध्ये कायमची राहते. पुढे खरा आरोपी मिळाला तरी त्याचा वकील म्हणतो, ‘आधी यांनीच दुसऱ्या दोघांना मारेकरी म्हटलं होतं.’ दाभोलकर प्रकरणात गोळ्या झाडणाऱ्यांची नावं २०१६ आणि २०१८ मध्ये वेगवेगळी आली, त्याचा फायदा बचाव पक्षाने घेतला नसता तरच नवल.

तसंच ओळखपरेडचं. ती कार्यकारी दंडाधिकारी घेतात, पोलिसांनी तिथे थांबायचं नसतं, एका संशयितासोबत साधारण सारख्या वयाची-अंगकाठीची किमान सहा माणसं उभी करतात. अटकेपासून परेडपर्यंत संशयिताचा चेहरा झाकलेला हवा. आपण मात्र व्हॉट्सॲपवर ‘हाच तो नराधम’ म्हणून फोटो फिरवतो. साक्षीदाराने तो परेडआधी पाहिला की परेड संपली, साक्षही अर्धी संपली.

---

अनु_के

हे सगळं पोलीस काय चुकतात त्याबद्दल झालं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आणि ठाण्यात ‘तपास चालू आहे’ एवढंच ऐकायला मिळतं, त्यांनी नेमकं काय करायचं? क्रमाने सांगाल का?

---

काळा_कोट

सांगतो. आधी एक अट: जे मागाल ते लेखी, आणि पोच घेऊन. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. ‘साहेबांशी बोलणं झालं’ याला न्यायालयात अर्थ नाही.

गुन्हाच नोंदवत नसतील तर बीएनएसएस कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना (शहरात उपायुक्तांना) लेखी अर्ज टपालाने पाठवा, मग न्यायदंडाधिकाऱ्याकडे १७५(३) चा अर्ज, शपथपत्रासह. जुनं १५६(३) तेच. शपथपत्र आणि अधीक्षकांना पाठवलेल्या अर्जाची पोच नसेल तर अर्ज तिथेच अडतो. दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी (२०१३) निकालाने कधीच ठरलंय. हद्दीचं कारण सांगत असतील तर झिरो एफआयआर (हद्द कोणतीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा). प्रत फुकट मिळते.

गुन्हा नोंदला पण हालचाल नाही, तर पहिल्याच आठवड्यात तपासी अंमलदाराला पत्र: अमुक अमुक ठिकाणचे कॅमेरे, त्यांचं चित्रण जतन करा, अमुक नंबरांचे सीडीआर मागवा. पत्ते देऊन. पुढे चित्रण गेलं तर हे पत्र दाखवता येतं. ९० दिवस झाले की कलम १९३(३) दाखवा; तपासाची प्रगती फिर्यादीला वा पीडिताला ९० दिवसांत कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे, मेसेजवरही चालतं. ही तरतूद ठाण्यातल्या अनेकांच्या अजून अंगवळणी पडलेली नाही, म्हणून कलमाचा आकडा लिहूनच पत्र द्या. तरीही ढिम्म, तर थेट उच्च न्यायालयात धावू नका. साकिरी वासू (२००८) निकालाप्रमाणे तपासावर लक्ष ठेवायचा अधिकार आधी दंडाधिकाऱ्याला आहे, उच्च न्यायालय तिकडेच परत पाठवतं. तपास सीबीआयला देण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला राज्याच्या संमतीशिवायही आहे (२०१०, पश्चिम बंगाल प्रकरण, घटनापीठ), पण अपवादात्मक परिस्थितीतच. ‘तपास हळू आहे’ एवढ्यावर मिळत नाही. कोणता साक्षीदार तपासला नाही, कोणता मुद्देमाल पाठवला नाही, तारीखवार तक्ता जोडा.

---

तांबडी_फीत

समरीबद्दल (तपास बंद करायची परवानगी मागणारा पोलिसांचा अहवाल) जोडतो, कारण बरेच खून तिथे गुपचूप झोपतात. आरोपी सापडला नाही की पोलीस ‘अ’ समरी मागतात: गुन्हा खरा, पण तपास लागत नाही. ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजातून वा दिवाणी स्वरूपाची. समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन ऐकून घ्यावं लागतं (भगवंत सिंह, १९८५). नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि परत येते. पत्ता, फोन बदलला तर ठाण्याला आणि न्यायालयाला लेखी कळवा. नोटीस मिळाली की निषेध अर्ज द्या, आणि त्यात भावना कमी, त्रुटी जास्त. ‘अ’ समरी म्हणजे कायमचं कुलूप नाही. नवा धागा मिळाला तर पुढील तपास होतो. म्हणून मुद्देमाल नष्ट करू नये असा अर्जही त्याच दिवशी द्यावा. वीस वर्षांपूर्वीच्या कपड्यावरून आज डीएनए निघू शकतो. कपडाच जाळलेला असेल तर कशावरून काढणार?

---

रोखठोक_मिरज

आरटीआय टाकला तर ८(१)(ज) (तपासात अडथळा येईल अशी माहिती नाकारायचं कलम) दाखवून फेटाळतात. टाकायचा की नाही?

---

काळा_कोट

टाकायचा. नुसता तपास चालू आहे हे कारण पुरत नाही, माहितीने तपासात अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात म्हटलंय. पण केस डायरी मागू नका, ती मिळणार नाही. विचारा: या गुन्ह्याचे तपासी अंमलदार किती वेळा बदलले, मुद्देमाल लॅबला कोणत्या तारखेला पाठवला, अहवाल कोणत्या तारखेला आला. एवढी तीन उत्तरं पुरतात. फी दहा रुपये, मुदत तीस दिवस.

---

अनु_के

आणि आरोपी सापडलाच नाही तर नुकसानभरपाईही नाही?

---

काळा_कोट

मिळू शकते, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. बीएनएसएस कलम ३९६(४), जुनं ३५७अ(४). गुन्हेगाराचा पत्ता लागला नाही, खटला उभा राहिला नाही, पण पीडित कोण हे माहीत आहे, तर पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण व्हायला हवी. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. सोबत एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसांचे पुरावे, बँक पासबुक, आणि समरी झाली असेल तर त्या आदेशाची प्रत.

खटला चालला आणि आरोपी सुटले, तर सरकारने अपील करायची वाट बघत बसू नका. पीडिताला स्वतःचं अपील करता येतं (कलम ४१३, जुन्या ३७२ चं परंतुक). दाभोलकर कुटुंबाने तिघांच्या सुटकेविरुद्ध उच्च न्यायालयात हेच केलंय. निकालाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा, मुदतीत प्रत मिळण्याचे दिवस वजा होतात, पण अर्ज केल्याच्या तारखेपासूनच.